मिनेसोटातली सोमाली कुटुंबं : फॉर्मवर न मावणारं घर

प्रश्न : पुण्यात समाजकार्यात एम.ए. केलं, लग्नानंतर मिनेआपोलिसला आले. आता एका सामुदायिक दवाखान्यात सोशल वर्कर म्हणून नोकरी लागली आहे आणि येणारी बहुतेक कुटुंबं सोमाली आहेत. विषुववृत्तावरची ही माणसं इतक्या थंडीत का येऊन राहिली? इथे त्यांचं कसं चालतं? मी काय शिकून घेऊ? आणि भारतीय असल्याचा उपयोग होईल की अडचण?

उत्तर :

थंडीचं कोडं आधी उलगडते, ते सोपं आहे. हवा बघून कोणीच मिनेसोटात येत नाही. जानेवारी 1991 मध्ये सियाद बारे यांची राजवट कोसळली, सोमालियात यादवी पेटली आणि लाखो माणसं सीमा ओलांडून केनियात गेली. ददाब गावाजवळच्या छावण्या त्याच काळातल्या. अमेरिकेत 1980 पासून निर्वासितांसाठी कायदा होता, त्याखाली काही कुटुंबं सॅन दिएगोसारख्या शहरांत उतरली. तिथे त्यांच्या कानावर आलं की मिनेसोटाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात मार्शल नावाच्या गावी टर्की कापण्याच्या कारखान्यात माणसं हवी आहेत, आणि इंग्रजी नसलं तरी घेतात. पहिली तरुण मुलं त्या कामावर आली. त्यांनी भाऊ बोलावले, भावांनी मेहुणे. मिनेआपोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांत लुथरन आणि कॅथलिक संस्था 1975 नंतर व्हिएतनामी आणि लाओसच्या ह्मॉंग लोकांना वसवून तयार झालेल्या होत्याच. पुढे कारण एकच उरलं : आपली माणसं तिथे आहेत. आज राज्यात सोमाली वंशाचे सुमारे 80 हजार लोक आहेत, निम्म्याहून जास्त इथेच जन्मलेले, आणि बाहेर जन्मलेल्यांतले बहुतेक आता अमेरिकन नागरिक आहेत. म्हणजे तुमच्यासमोर बसणारा माणूस ‘निर्वासित’ असेलच असं नाही. त्याची कागदं तुमच्यापेक्षा पक्की असण्याची शक्यता बरीच आहे.

पुनर्वसनाच्या कामात बरीच वर्षं गेल्यावर मला एक गोष्ट सगळ्यात उपयोगी पडली. फॉर्मवर जे कुटुंब लिहिलेलं असतं ते, आणि ज्याच्या हिशोबाने ही माणसं जगतात ते कुटुंब, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसा, औषध, नोकरी, मुलाची शाळा, सगळे निर्णय दुसऱ्या कुटुंबात होतात. तुमचा संगणक पहिलं कुटुंब ओळखतो.

सरकारी बाजू कशी चालायची ते थोडक्यात सांगते, कारण वयस्कर पेशंट त्या दिवसांबद्दल हमखास बोलतील. विमानतळावर कुटुंब उतरायचं तेव्हा हातात पांढरी प्लास्टिकची पिशवी असायची, तिच्यावर आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेचं निळं चिन्ह, आत कागदपत्रं आणि छातीचे एक्स-रे. ती पिशवी कोणी दुसऱ्याच्या हातात देत नसे, शौचालयात जातानाही नाही. संस्थेने घर आधीच लावून ठेवायचं. यादी ठरलेली असायची : माणशी एक पलंग किंवा गादी, माणशी ताट, काटा-चमचा, खोलीला एक दिवा, गजराचं घड्याळ. पहिल्या रात्री त्यांच्या पद्धतीचं गरम जेवण तयार असलं पाहिजे, हेही करारात लिहिलेलं. मग 90 दिवस : सोशल सिक्युरिटी क्रमांक, दवाखाना, शाळा, इंग्रजीचा वर्ग, नोकरी. 2010 मध्ये माणशी मदत 900 डॉलरवरून 1,800 झाली तेव्हा आम्हाला केवढं हायसं वाटलं होतं! त्यातलाही काही भाग संस्थेच्या खर्चाचा. आणि विमानाचं तिकीट फुकट नव्हे, ते बिनव्याजी कर्ज. सहाएक महिन्यांनी त्याचे हप्ते सुरू होतात, आई-बाप आणि सहा मुलं असतील तर आठ तिकिटांचे.

त्या 90 दिवसांत कोणाचं आयुष्य उभं राहत नाही. ते उभं करतात आत्या, चुलते, मशिदीतली ओळख, मिनेआपोलिसच्या कर्मेल मॉल या सोमाली बाजारातला दुकानदार. याचा पुरावा असा की टेक्सास किंवा ॲरिझोनाला उतरवलेली कितीतरी कुटुंबं काही आठवड्यांत बसमध्ये बसून मिनेसोटात दाखल व्हायची. त्यांच्या वाट्याची मदत त्या पहिल्या राज्यातल्या संस्थेकडेच राहायची, हे त्यांना सांगितलेलं असायचं. तरी येत.

आता नावं. इथे तुमचा पहिला आठवडा जाईल. सोमाली नावात आडनाव नसतं. स्वतःचं नाव, बापाचं, आजोबांचं. बाई लग्नानंतर नाव बदलत नाही. समजा आई फदूमो अली नूर, नवरा हसन युसूफ अब्दी, तर मुलगी हलीमो हसन युसूफ. अमेरिकन फॉर्म शेवटचा शब्द उचलतो आणि एका घरात तीन ‘आडनावं’ होतात. आई आणि मुलगी एकाच घरातल्या आहेत यावर विमा कंपनीचा विश्वास बसत नाही. आपल्याकडे मधलं नाव बापाचं असल्यामुळे तुम्हाला हे चटकन कळेल. इथल्या सहकाऱ्यांना दर वेळी समजावून सांगावं लागतं. त्यात अक्षरांचा घोळ : एकच मोहम्मद पासपोर्टवर एका स्पेलिंगने, शाळेत दुसऱ्या. जन्मतारखेचं तर विचारूच नका. ज्यांच्याकडे दाखला नव्हता त्यांना छावणीत सरसकट 1 जानेवारी दिली गेली, त्यामुळे घरातल्या पाच जणांचा वाढदिवस एकाच दिवशी. म्हणून नाव आणि जन्मतारीख जुळली म्हणजे माणूस तोच, असं धरू नका. फाइल उघडताना आईचं नाव आणि पत्ता पडताळा. एकाच दिवशी जन्मलेले दोन अब्दी मोहम्मद तुमच्या दवाखान्यात नक्की असतील आणि त्यातल्या एकालाच पेनिसिलिन चालत नसेल.

कुटुंब कोणाला म्हणायचं यावरून मोठं रामायण घडून गेलं आहे. इथे स्थिरावलेल्या माणसाला मागे राहिलेले आई-बाप, नवरा-बायको, मुलं यांना आणता यावं अशी एक सोय होती. 2008 मध्ये अमेरिकन सरकारने आधी नैरोबीत आणि मग आफ्रिकेतल्या आणखी काही ठिकाणी अर्जदारांची डीएनए चाचणी घेतली. फार थोड्या कुटुंबांत सगळी नाती रक्ताची निघाली, पुष्कळ जण चाचणीलाच आले नाहीत. सोय बंद झाली ती ऑक्टोबर 2012 पर्यंत. लबाडी झाली होती का? काही ठिकाणी नक्कीच झाली होती, जागा विकल्याच्या गोष्टी सगळ्यांनाच माहीत आहेत. पण मारल्या गेलेल्या भावाचं पोर ज्या बाईने तान्हेपणापासून वाढवलं ती त्याला ‘माझा मुलगा’ म्हणूनच सांगणार. चाचणीने या दोघांना एकाच रांगेत उभं केलं. त्या चार वर्षांत ज्यांची पोरं तिकडेच वाढली ते आईबाप आज तुमच्या दवाखान्यात रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला येतात. ‘मुलं किती?’ या साध्या प्रश्नावर समोरची बाई गप्प झाली तर लगेच पेन पुढे सरकवू नका. ‘इथे घरात कोण कोण असतं?’ हा वेगळा प्रश्न वेगळा विचारा.

पैशाचं गणित इथूनच सुरू होतं. आमच्या बजेटच्या फॉर्मवर भाडं, वीज, किराणा, बसपास, सगळ्याला रकाने होते. मागे पाठवायच्या पैशाला रकाना नव्हता. आणि ती रक्कम तर भाड्याच्याही आधी निघायची. नैरोबीच्या ईस्टले भागात किंवा ददाबमध्ये त्या पैशावर एक चूल पेटते. रोज फोन येतो, आणि नाही म्हणणाऱ्याची बातमी संध्याकाळपर्यंत तीन खंडांत पोचते. पैसे जातात हवाल्याने : मॉलमधल्या एजंटाकडे डॉलर द्यायचे, तिकडे माणसाला फोनवर निरोप जातो, तो स्थानिक एजंटाकडून रक्कम उचलतो. आपल्याकडे ‘हवाला’ म्हटलं की काळा पैसाच आठवतो, पण इथे ही नोंदणीकृत दुकानं आहेत. सोमालियात बँका उरल्याच नव्हत्या, दुसरा रस्ता नव्हता. नोव्हेंबर 2001 मध्ये अमेरिकेने दहशतवादाच्या संशयावरून अल-बरकात या सगळ्यात मोठ्या कंपनीला टाळं ठोकलं तेव्हा हजारो घरांची मनीऑर्डर एका दिवसात थांबली. 2011 च्या शेवटी सेंट पॉलच्या एका बँकेने या दुकानांची खाती बंद केली तेव्हा पुन्हा तेच. पेशंट औषध अर्धंच घेतोय असं दिसलं तर ‘तिकडे या महिन्यात काही झालं का?’ हे विचारून बघा. बहुतेकदा उत्तर तिथेच सापडतं.

बचतीसाठी आयूतो असते, काही जण तिलाच हगबद म्हणतात. ही आपली भिशीच : दहा-पंधरा बाया, दर महिन्याला ठरलेली रक्कम, पाळीपाळीने एकीला सगळी. एवढंच की इथे लिलाव नाही, सोडत किंवा गरज बघून नंबर. एखाद्या बाईला जुलैमध्ये आयूतो लागणार असेल तर ती दातांचं काम जुलैतच करणार, तुम्ही मार्चची कितीही तारीख द्या. व्याज देणं-घेणं धर्मात बसत नाही म्हणून पुष्कळ जण गृहकर्ज, विद्यार्थी कर्ज, क्रेडिट कार्ड यांपासून लांब राहतात. हुसेन समतार यांनी उभ्या केलेल्या आफ्रिकन डेव्हलपमेंट सेंटरने मिनेआपोलिस शहराच्या मदतीने दुकानदारांना व्याजाऐवजी नफ्याच्या बोलीवर भांडवल मिळवून दिलं. आज जी सोमाली दुकानं दिसतात त्यात त्या कामाचा वाटा आहे. समतार 2010 मध्ये शाळा मंडळावर निवडून आलेले राज्यातले पहिले सोमाली. 2013 मध्ये गेले, तरुण वयात.

काम कोणतं करतात? बायका घरपोच सेवेत आणि नर्सिंग होममध्ये, पुरुष ट्रक, टॅक्सी, विमानतळ, गोदामं, आणि विल्मार, सेंट क्लाउड, फॅरिबोसारख्या गावांत अजूनही मांस कारखाने. नमाजावरून कारखान्यांत जी भांडणं होतात त्यामागचं यंत्र समजून घ्या, मग बाजू घ्या. कारखान्यातला सरकता पट्टा ठरल्या वेळी थांबतो. सूर्यास्ताची नमाज मात्र सूर्याबरोबर सरकते : मिनेआपोलिसला डिसेंबरात साडेचारला अंधार, जूनमध्ये नऊला. जेवणाची सुट्टी सात वाजता असेल तर हिवाळ्यात ती कामाची नाही. 2008 च्या रमजानमध्ये नेब्रास्कातल्या ग्रँड आयलंड आणि कोलोरॅडोतल्या ग्रीलीच्या कारखान्यांत यावरूनच शेकडो कामगार बाहेर पडले आणि कित्येकांना काढून टाकलं. त्याच्या उलट, शाकोपीच्या ॲमेझॉन गोदामात 2018 मध्ये सोमाली कामगारांनी कामाच्या वेगावरून निदर्शनं केली आणि एवढ्या मोठ्या कंपनीला चर्चेला बसवलं. खांदा, मनगट, कंबर यांची दुखणी घेऊन येणाऱ्याला आधी विचारा, तासाला किती खोकी?

आता तुमच्या दवाखान्याशी थेट जोडलेली गोष्ट : गोवर. 2004 मध्ये मिनेसोटातल्या सोमाली बाळांपैकी 92 टक्क्यांना दोन वर्षांपर्यंत गोवराची लस मिळालेली असायची. गोऱ्या मुलांच्या तोडीस तोड प्रमाण. 2014 मध्ये ते 42 टक्क्यांवर आलं. ‘अडाणी निर्वासित’ हे उत्तर इथे चालत नाही, नवे होते तेव्हा तर सगळे लस घेत होते. घडलं असं की शाळांच्या विशेष वर्गांत आपली मुलं फार दिसतात हे आयांच्या लक्षात आलं. स्वमग्नता (ऑटिझम) असं काही त्यांनी आधी पाहिलं नव्हतं. हे का, असं त्या विचारत राहिल्या आणि कोणी धड उत्तर दिलं नाही. ती रिकामी जागा लसविरोधी मंडळींनी भरली. लस आणि स्वमग्नता यांचा संबंध जोडणारा ज्याचा शोधनिबंध मागे घेतला गेला तो अँड्र्यू वेकफील्ड स्वतः मिनेआपोलिसला येऊन या पालकांशी बोलून गेला. 2013 च्या शेवटी मिनेसोटा विद्यापीठाचा अभ्यास आला : स्वमग्नता मिनेआपोलिसच्या सोमाली मुलांत 32 मागे एक, गोऱ्या मुलांत 36 मागे एक, म्हणजे जवळपास सारखंच. पण स्वमग्न सोमाली मुलांत बौद्धिक अडचणही असण्याचं प्रमाण जास्त. आयांची नजर अगदीच खोटी नव्हती तर! तोवर उशीर झाला होता. 2017 मध्ये गोवराची साथ आली, 75 रुग्ण, बहुतेक सोमाली मुलं.

यातून काय घ्यायचं? लसीचा निर्णय तुमच्या टेबलावर होत नाही. तो व्हॉट्सॲपवरच्या आवाजी निरोपांत होतो, मावशीच्या स्वयंपाकघरात होतो, लंडनमधल्या बहिणीला विचारून होतो. पत्रकं छापू नका, ती वाचली जात नाहीत. सोमाली नर्स, इमाम, शेजारची अनुभवी आजी यांच्याबरोबर बसा. आईने ‘नंतर’ म्हटलं तर ते ‘नाही’ म्हणून नोंदवू नका. पुढच्या भेटीला पुन्हा विचारा. ‘मूल बोलायला लागल्यावर देऊ’ असं पुष्कळ जणी म्हणतात. त्यामागची भीती आता तुमच्या लक्षात आली असेल.

विश्वासाचा मामला नाजूक आहे आणि त्याला कारणं आहेत. 2007-08 च्या सुमारास इथली काही मुलं सोमालियातल्या अल-शबाब या अतिरेकी संघटनेला जाऊन मिळाली, त्यातला एक आत्मघाती हल्ल्यात मेला. पुढे 2014 मध्ये केंद्र सरकारने ‘हिंसक अतिरेकाला आळा’ म्हणून ज्या तीन शहरांत प्रयोग जाहीर केला त्यात मिनेआपोलिस होतं. तरुणांसाठी खेळ, मार्गदर्शन, नोकऱ्या, पण पैसा पोलिसी हेतूचा. तेव्हापासून ‘आम्ही मदत करायला आलोय’ म्हणणाऱ्याकडे लोक सावध नजरेने बघतात. मग 2022 मध्ये मुलांच्या जेवणाच्या सरकारी योजनेतला घोटाळा बाहेर आला, सुमारे 25 कोटी डॉलरचा, पहिल्याच फेरीत 47 आरोपी. बरेच आरोपी सोमाली वंशाचे होते. सूत्रधार म्हणून 2025 मध्ये दोषी ठरली ती ‘फीडिंग अवर फ्यूचर’ या संस्थेची गोरी प्रमुख. चोरी ती चोरी, आणि तिच्यावर सगळ्यात जास्त संतापलेली माणसं मला सोमालीच भेटली, कारण त्यांच्या प्रामाणिक पाळणाघरांवरही धाडी पडतील हे त्यांना दिसत होतं. जानेवारी 2025 मध्ये निर्वासितांचं आगमन थांबवलं गेलं, जूनमध्ये सोमालियावर प्रवासबंदी आली, वर्षाअखेर जोडशहरांत केंद्राच्या इमिग्रेशन कारवाया सुरू झाल्या. नागरिक असलेली माणसंही खिशात पासपोर्ट ठेवून फिरू लागली. दवाखान्यात भेट चुकली तर ‘बेजबाबदार’ असा शेरा मारण्याआधी त्या आठवड्यात रस्त्यावर काय चाललं होतं ते बघा. तुमच्या प्रश्नावलीत नागरिकत्वाबद्दलचा जो प्रश्न गरजेचा नाही तो विचारूच नका.

ही माणसं नुसती सोसत बसलेली नाहीत, हेही तुम्हाला दिसेल. मिनेआपोलिसच्या सीडर-रिव्हरसाइड वस्तीत जाऊन या, रंगीत चौकोनांचे ते उंच मनोरे वास्तुविशारद रॅल्फ रॅपसनने आखले आणि 1973 मध्ये वेगवेगळ्या उत्पन्नाच्या लोकांसाठी उभे राहिले. तिथल्या मतदारांनी 2013 मध्ये अब्दी वरसामे यांना नगरपरिषदेत पाठवलं. इल्हान ओमर 2016 मध्ये राज्य विधानसभेत आणि 2018 मध्ये वॉशिंग्टनला गेल्या. शेजारच्या सेंट लुइस पार्कच्या महापौर म्हणून 2023 मध्ये नादिया मोहमद निवडून आल्या. त्याच वर्षी मिनेआपोलिसने पाचही वेळची अजान भोंग्यावरून द्यायला परवानगी दिली, अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत पहिल्यांदा.

दुभाषाबद्दल. मुलाला दुभाषा करू नका, तेरा वर्षांच्या पोराने आईच्या गर्भाशयाबद्दल का बोलावं? कुळ कोणतं हे कधीही विचारू नका. तुम्हाला ते निरागस वाटेल, पण याच प्रश्नाच्या उत्तरावर तिकडे माणसं मारली गेली. पेशंट एखाद्या दुभाषासमोर बोलेनासा झाला तर कारण न विचारता दुसरा द्या, शक्यतो फोनवरचा. सोमाली बंटू या अल्पसंख्याक गटाची कुटुंबं वेगळी, त्यांतल्या अनेकांना ‘माय’ नावाच्या वेगळ्या भाषेचा दुभाषा लागतो. आणि समोरचा प्रत्येक आफ्रिकी सोमाली नव्हे : ब्रुकलिन पार्ककडून येणारे लायबेरियन इंग्रजी बोलतात, बहुतेक ख्रिस्ती असतात. त्यांच्यातले कित्येक जण तात्पुरत्या परवान्यावर वर्षानुवर्षं टांगलेले होते, थेट डिसेंबर 2019 च्या कायद्यापर्यंत. त्यांच्याबद्दल लिहायचं तर वेगळं उत्तर लागेल.

भारतीय असण्याचा उपयोग? होईल, आणि तो तुम्हाला कमवावा लागणार नाही. मोगादिशूच्या थिएटरांत हिंदी सिनेमे धो धो चालायचे, साठीतल्या बाया तुम्हाला गाणी म्हणून दाखवतील. नातेवाइक ऑपरेशनसाठी हैदराबाद किंवा दिल्लीला गेलेला असतो, भाचा पुण्यात शिकलेला असतो. घरी गेलात तर बूट बाहेर काढा, वेलची-दालचिनीचा चहा येईल तो घ्या. सांबूसा बघून तुम्हाला वेगळं काही सांगायला नको. भाताबरोबर केळं देतील, ते भातातच खायचं असतं, नंतर नाही. पुरुषाने हात पुढे न करता छातीवर ठेवला तर तो अपमान नसतो.

अडचणही येईल. भारतात मुसलमानांचं काय चाललंय हे तुम्हाला थेट विचारतील, बातम्या त्यांच्याकडे आपल्याआधी पोचतात. वकिली करू नका आणि विषय बदलू नका. तुम्हाला जे खरं वाटतं ते दोन वाक्यांत सांगा. त्याहून नक्की येणारा प्रश्न वेगळाच : लग्न झालंय का, मुलं किती, आई कुठे असते, तिला कोण बघतं? तुम्ही कोणाच्या कोण हे कळल्याशिवाय तुमच्या सल्ल्याला तिथे वजन नाही. खासगी काही सांगू नका असं प्रशिक्षणात शिकवतात. घरचा पत्ता देऊ नका, फोन नंबर ऑफिसचाच द्या, हे बरोबर आहे. पण आई पुण्याला भावाकडे असते आणि दर महिन्याला तिला पैसे पाठवता, एवढं सांगायला माझ्या मते काही हरकत नाही. तुमची सुपरवायझर कुरकुरेल, तिला माझं नाव सांगू नका.